‘कास्ट’ हा शब्द नेमका कुणाचा?

अमेरिकेत जातिभेदविरोधी कायद्याचा विषय निघाला की एक मुद्दा हमखास पुढे येतो. ‘कास्ट’ हा शब्द मुळात आपला नाहीच, तो पोर्तुगीजांनी आपल्या माथी मारला, तेव्हा त्या शब्दाच्या नावाने आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करता? २१ फेब्रुवारी २०२३ ला सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने वंश, धर्म, लिंग यांच्या जोडीला ‘कास्ट’ हा शब्द भेदभावबंदीच्या कायद्यात घातला. ठराव सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला आणि सिअ‍ॅटल असं करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तशाच आशयाचं विधेयक मंजूर केलं, पण ७ ऑक्टोबरला गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ते नाकारलं. दोन्ही ठिकाणी बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे बहुतेक आपलेच लोक होते, आणि विरोधाच्या बाजूने शब्दाच्या मुळाचा हा दाखला वारंवार दिला गेला.

शब्द पोर्तुगीज आहे, हे खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मुळीच मान्य नाही. शब्दाचा जन्मदाखला दाखवून वस्तूची जबाबदारी टळत नाही, हे एक. दुसरं असं, की हा शब्द भारतीय इंजिनिअरांच्या सामानातून अमेरिकेत उतरलेला नाही. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आपल्या लोकांना अमेरिकेचं दार उघडलं. ‘कास्ट’ हा शब्द त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधीपासून या भूमीवर माणसांच्या नावांपुढे लिहिला जात होता. त्याचे इथे इतके अर्थ झाले आणि त्या अर्थांवरून इतके खटले लढले गेले, की आज तो कुणा एका देशाचा किंवा धर्माचा म्हणता येत नाही.

पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत ‘कास्ता’ म्हणजे वाण, वंश, पैदास. हा शब्द माणसांइतकाच जनावरांना आणि झाडांनाही लागतो. आजही पोर्तुगालमधली वाइन कोणत्या द्राक्षाची आहे हे सांगताना ‘कास्ता’ हाच शब्द वापरतात. लॅटिनमधल्या ‘कास्तुस’वरून, म्हणजे ‘शुद्ध’ या अर्थाच्या शब्दावरून तो आला असं पूर्वापार सांगतात. काही भाषाशास्त्रज्ञ मात्र त्याचं मूळ जर्मन कुळातल्या भाषांमध्ये, जनावरांच्या वेतासाठी असलेल्या एका शब्दात शोधतात. वाद अजून मिटलेला नाही. त्यामुळे ‘कास्ट म्हणजे मुळातच शुद्धता’ असं ठासून सांगणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यातच राहत होता आणि त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. इथे मुलगा बापाचा धंदा सोडत नाही आणि चांभारांची ‘कास्ता’ ती चांभारांचीच राहते, असं निरीक्षण त्यात आहे. पोर्तुगीजांच्या डोळ्यांसमोर जी वस्तू आली तिला त्यांनी आपल्या भाषेतला जवळचा शब्द लावला. आता मराठीत बघा. हापूस ही आंब्याची जात, खिल्लार ही बैलाची जात. ‘जन्’ धातूपासून आलेला ‘जाति’ हा शब्दही जन्म, वाण आणि माणसांचा गट या तिन्हींना लागतो. अस्सल, कसदार माणसाला आपण ‘जातिवंत कलावंत’ म्हणतो, तर स्पॅनिशमध्ये नेमक्या त्याच अर्थाने ‘कास्तिसो’ म्हणतात. मला तर वाटतं, आपल्या ‘जाती’ला ‘कास्ता’ इतका नेमका प्रतिशब्द युरोपातल्या दुसऱ्या भाषेत क्वचितच सापडेल. पोर्तुगीजांनी काही लादलं असेल तर ते दुसरंच. हा शब्द त्यांनी चुकीचा निवडला नव्हता.

आणि जात ही हिंदूंपुरतीच होती असंही गोव्याने कधी म्हटलेलं नाही. बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेली घराणी पुढे शतकानुशतकं बामण, चारडो आणि सुदीर म्हणूनच ओळखली गेली, आणि सोयरीक जुळवताना ही ओळख आधी विचारली गेली.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्याला ‘माणसांचा वंश’ एवढ्याच अर्थाने आला आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातल्या जातींना लागला. अठराव्या शतकापर्यंत त्याचं स्पेलिंग फेकणे या अर्थाच्या ‘कास्ट’सारखंच असायचं. तो फेकण्याचा शब्द उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आलेला, याच्याशी त्याचं थेट नातं नाही. प्लास्टरचा कास्ट, नाटकातला कास्ट हे सगळे त्या दुसऱ्या कुळातले. तरी टाकून दिलेल्या माणसासाठी इंग्रजीत ‘आउटकास्ट’ हा जो जुना शब्द होता, त्याला एकोणिसाव्या शतकात शेवटी एक अक्षर जोडून ‘जातिबाह्य’ असा नवा अर्थ देण्यात आला. इंग्रजीने द्राक्ष आणि घोडा हे अर्थ मात्र टाकून दिले. उरला तो फक्त माणसांचा, आणि त्यातही उच्चनीचतेचा. मूळ शब्दाहून इंग्रजी शब्द अरुंद झाला, आणि या अरुंदपणामुळेच तो पुढे कायद्याच्या कामाला आला.

स्पॅनिश साम्राज्यात मात्र तो अमेरिकेत वेगळ्या वाटेने वाढला. मेक्सिकोत ‘कास्ता’ म्हणजे मिश्र रक्ताची प्रजा: स्पॅनिश बाप आणि मूळनिवासी आई यांचं मूल मेस्तिसो, मेस्तिसो आणि स्पॅनिश यांचं कास्तिसो, स्पॅनिश आणि आफ्रिकी यांचं मुलातो. वर ज्याचा अर्थ ‘जातिवंत’ म्हणून सांगितला तोच कास्तिसो इथे मिश्रणाची एक पायरी झाला. अठराव्या शतकात तिथल्या चित्रकारांनी आई, बाप, मूल आणि खाली जातीचं नाव अशा चित्रांच्या मालिकाच्या मालिका रंगवल्या.

आजच्या अमेरिकेच्या भूमीवर या व्यवस्थेचा एक कागद जरा थांबून बघावा असा आहे. ४ सप्टेंबर १७८१ ही लॉस एंजेलिसच्या स्थापनेची तारीख. वसाहत करायला आलेली कुटुंबं अकरा, माणसं लहानथोर धरून ४४. त्याच वर्षी झालेल्या त्यांच्या नोंदीत प्रत्येक कर्त्या पुरुषाचं नाव, वय आणि कास्ता आहे. लुईस किंतेरो, वय ५५, नेग्रो. होसे वानेगास, वय २८, इंदियो. मानुएल कामेरो, वय ३०, मुलातो. अकरा पुरुषांपैकी ‘एस्पान्योल’, म्हणजे स्पॅनिश, अशी नोंद फक्त दोघांची. आज ज्या महानगरात हजारो मराठी कुटुंबं राहतात, त्याची पायाभरणी करणाऱ्या माणसांची ओळख सरकारी कागदावर ‘कास्ता’ या रकान्यानेच झाली. या कागदाची पुढची हकिगत त्याहून बोलकी आहे. नऊ वर्षांनी, १७९० च्या शिरगणतीत, यांतल्या काही जणांच्या नावापुढची कास्ता बदललेली दिसते. शिडीची एखादी पायरी ते वर चढलेले असतात. माणसं तीच, रक्त तेच, मधल्या काळात जमीन कसली गेली आणि गावात पत वाढली, एवढाच फरक. १७९५ मध्ये तर स्पेनच्या राजाने मुलातोपण पुसून मिळण्याचे दर ठरवून जाहीर केले. कॅलिफोर्नियाचा शेवटचा मेक्सिकन गव्हर्नर पिओ पिको याच्या आजीची नोंद १७९० मध्ये ‘मुलाता’ अशी आहे. लॉस एंजेलिसमधला पिको बुलेव्हार्ड त्याच्याच नावाचा.

जन्माने कायमची ठरते म्हणून सांगितली जाणारी गोष्ट कारकुनाच्या टाकाने बदलते. जात निसर्गाने दिलेली असती तर तिला इतक्या कागदांची गरज पडली नसती.

पूर्व किनाऱ्यावर, इंग्रजीतून, हाच शब्द निराळ्या कामाला लागला होता. बॉस्टनमध्ये सारा रॉबर्ट्स नावाच्या पाच वर्षांच्या काळ्या मुलीला घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळा ओलांडून लांबच्या काळ्यांसाठीच्या शाळेत जावं लागे. तिच्या वडिलांनी शहरावर दावा लावला. १८४९ मध्ये चार्ल्स समनर आणि रॉबर्ट मॉरिस यांनी तो चालवला. मॉरिस हे त्या देशातल्या पहिल्या काळ्या वकिलांपैकी एक. समनरांनी न्यायालयात भारताचं उदाहरण देऊन सांगितलं, की मुलांना रंगावरून वेगळं बसवणं ही ‘कास्ट’ आहे, आणि प्रजासत्ताकात तिला जागा नाही. दावा ते हरले. पण १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा करून शाळांमधला हा भेद बंद केला. खटल्यानंतर वीस वर्षांनी समनरांनी याच विषयावर स्वतंत्र व्याख्यान दिलं, त्याचं नावच ‘कास्टचा प्रश्न’ असं होतं.

त्याच बॉस्टनमध्ये १८६० मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी ‘अटलांटिक मंथली’त न्यू इंग्लंडच्या ‘ब्राह्मण कास्ट’बद्दल लिहिलं. पिढ्यान्‌पिढ्या विद्या जपणारी, एकमेकांत सोयरिकी करणारी जुनी घराणी त्यांना त्यातून गौरवायची होती. ‘बॉस्टन ब्राह्मिन’ हा शब्दप्रयोग तिथून रूढ झाला आणि आजही अभिमानाने वापरला जातो. एकाच शहरात, अकरा वर्षांच्या अंतराने, एकाला ‘कास्ट’ हे पाप वाटलं आणि दुसऱ्याला पदवी. शब्दाच्या या दोन अर्थांत भाषेचा फरक काहीच नाही. बोलणारा शिडीच्या कोणत्या पायरीवर उभा आहे, त्यावर तो अर्थ ठरलेला आहे.

जोतीराव फुल्यांना हे पुण्यात बसून उमगलं होतं. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं तेव्हा त्यांनी ते पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. तिकडे १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या वेगळ्या डब्यांना मान्यता दिली, तेव्हा एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी निकाल लिहिला. आपल्या राज्यघटनेच्या दृष्टीने या देशात कास्ट नाही, असं त्यांनी त्यात बजावलं.

मग वेळ आली आपल्या माणसाची. भगतसिंग थिंद हे अमृतसरकडचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्या काळी परदेशात जन्मलेल्यांपैकी ‘गोऱ्या’ आणि आफ्रिकी वंशाच्या माणसालाच अमेरिकेचं नागरिकत्व मिळे. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न असा ठेवला गेला, की अमृतसरला जन्मलेला, शुद्ध भारतीय रक्ताचा ‘हाय कास्ट हिंदू’ हा गोरा माणूस आहे काय. थिंद शीख होते. ‘हिंदू’ हा शब्द त्या वेळी अमेरिकेत सरसकट सगळ्या भारतीयांना लावत. पण मन विषण्ण होतं ते त्यांच्या बाजूचा युक्तिवाद वाचून. उच्च जातीचा माणूस खालच्यांशी लग्नसंबंध करत नाही, जसा अमेरिकन गोरा काळ्यांशी करत नाही, तेव्हा आम्ही तुमच्याच पंक्तीतले, असा त्याचा मथितार्थ होता. न्यायमूर्ती सदरलँड यांनी तो फेटाळला. सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असा निकाल दिला. त्यानंतर अनेक भारतीयांचं आधी मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. हा दरवाजा पुन्हा उघडायला १९४६ साल उजाडलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ‘कास्ट’ हा शब्द आपल्या बाजूने पहिल्यांदा ठळकपणे मांडला गेला तो न्याय मागायला नव्हे, वरची पायरी मागायला. ‘हा शब्द आमचा नाही’ म्हणणाऱ्यांनी हा खटला वाचायला हवा.

आता मूळ मुद्द्याकडे. हे सगळे अर्थ ज्या एका गाठीत बांधले जातात ती गाठ शोधण्याचं काम दोन मराठी माणसांनी केलं, दोघांनीही न्यूयॉर्क राज्यात राहून, दोघांनीही वयाच्या पंचविशीत. पहिले श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढे ‘ज्ञानकोशकार’ म्हणून सर्वांना ठाऊक झालेले. ते १९०६ मध्ये अमेरिकेला गेले, इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठात शिकले आणि १९११ मध्ये डॉक्टरेट घेतली. त्यांचं ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ हे पुस्तक १९०९ मध्ये इथाकालाच छापलं गेलं. जातीची त्यांनी केलेली व्याख्या दोन खांबांवर उभी आहे: सभासदत्व फक्त जन्माने मिळतं, आणि गटाबाहेर लग्न करायला सक्त मनाई असते.

दुसरे भीमराव आंबेडकर. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात आले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले अशा युरोपीय पंडितांच्या व्याख्या एकेक करून तपासत ते केतकरांपाशी येतात. केतकर हा स्वतः या समाजातला आणि तरी मोकळ्या बुद्धीचा अभ्यासक, त्याने जात एकेकटी न बघता जातींच्या व्यवस्थेत ठेवून बघितली, अशी दाद ते देतात. मग ते केतकरांच्या विचारातला घोटाळा दाखवतात: तुम्ही सांगितलेली दोन लक्षणं दोन नाहीतच. बाहेर बेटीव्यवहार बंद केला की सभासदत्व आपोआप जन्मापुरतं उरतं. आपल्याकडे रोटीबंदी, बेटीबंदी, व्यवसायबंदी अशा बंद्यांची यादी करतात. आंबेडकरांनी त्यातली बेटीबंदी उचलली आणि सांगितलं की जातीचा प्राण हा आहे.

त्यांनी आणखी एक प्रश्न टाकला, आणि मला तो त्या निबंधातला सगळ्यात खोल भाग वाटतो. आपल्याकडे सगोत्र विवाह निषिद्ध, म्हणजे जवळच्यांत लग्न करायचं नाही हा नियम फार जुना. ज्या समाजाचा मूळ कल बाहेर लग्न करण्याकडे, तिथे आतच लग्न करण्याची सक्ती आली कशी आणि टिकली कशी? गटातली स्त्री-पुरुषांची संख्या समसमान ठेवल्याशिवाय हे कुंपण टिकत नाही. नवरा मेल्यावर मागे उरलेली बाई गटाबाहेर लग्न करील, किंवा गटातला तरुण पुरुष दुसरीच्या वाट्याचा पळवील. म्हणून सती, म्हणून सक्तीचं वैधव्य, म्हणून विधुरासाठी अजाण पोरीशी लग्न. बायकांवरच्या या तीन क्रौर्यांचा आणि जातीचा असा थेट संबंध १९१६ मध्ये पंचवीस वर्षांच्या तरुणाने न्यूयॉर्कमध्ये मांडला. इंग्रजी ‘कास्ट’ या शब्दाला सर्वांत काटेकोर अर्थ दिला तो असा एका महार विद्यार्थ्याने.

इथे एक अडचण आहे, ती झाकून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. याच निबंधात आंबेडकर अमेरिकेतल्या काळ्या, गोऱ्या आणि मूळनिवासी लोकांचा उल्लेख करतात आणि बजावतात की भारताशी त्यांची गल्लत करू नका. भारतातले लोक संस्कृतीने एकजीव आहेत, त्यामुळे तिथलं प्रकरण वेगळं. म्हणजे समनर आणि हार्लन ज्याला ‘कास्ट’ म्हणत होते, त्याला १९१६ चे आंबेडकर सरळ ‘कास्ट’ म्हणायला तयार नव्हते. पुढे अमेरिकेतल्या अभ्यासकांमध्येही यावर मोठा वाद झाला. लॉइड वॉर्नर यांनी १९३६ मध्ये, जॉन डॉलर्ड यांनी १९३७ मध्ये दक्षिणेतल्या वर्णभेदाला कास्ट म्हटलं. अ‍ॅलिसन डेव्हिस या काळ्या मानववंशशास्त्रज्ञाने मिसिसिपीतल्या नॅचेझ गावात राहून केलेला अभ्यास १९४१ मध्ये ‘डीप साउथ’ या पुस्तकातून आला. ऑलिव्हर कॉक्स यांनी १९४८ मध्ये त्याला कडाडून विरोध केला: जातीमागे धर्माची आणि रूढीची मान्यता असते, वर्णभेद हे भांडवलशाहीचं अपत्य आहे, दोन्हींना एकच नाव देऊ नका. इसाबेल विल्करसन यांच्या २०२० च्या ‘कास्ट’ या पुस्तकाने हा वाद पुन्हा पेटवला.

माझं मत समनर-डेव्हिस यांच्या बाजूचं आहे, आणि त्याला आधार आंबेडकरांच्याच कसोटीचा आहे. व्हर्जिनिया राज्याचा १९२४ चा वंशशुद्धी कायदा बघा. गोऱ्या माणसाने गोऱ्याशिवाय कुणाशी लग्न करायचं नाही. परवाना देणाऱ्या कारकुनाची दोघांच्या वंशाबद्दल खात्री पटेपर्यंत परवाना नाही. वंशाची खोटी माहिती देणं हा गुन्हा. रक्ताचा एक थेंब जरी आफ्रिकी असला तरी माणूस गोरा नाही. पण व्हर्जिनियातली कित्येक प्रतिष्ठित घराणी पोकाहोंटास या मूळनिवासी मुलीपासून आपली वंशावळ अभिमानाने सांगत. त्यांची अडचण होऊ नये म्हणून मूळनिवासी रक्त सोळाव्या हिश्शापर्यंत असेल तर ते चालेल, अशी तरतूद ठेवली. राज्याच्या जन्म-मृत्यू नोंदणीचे प्रमुख वॉल्टर प्लेकर यांनी वर्षानुवर्षं शाळांना, दवाखान्यांना, कारकुनांना पत्रं लिहून मूळनिवासी कुटुंबांची नोंद बदलायला लावली. १७९० च्या लॉस एंजेलिसमध्ये टाक वर चढवत होता, इथे तो खाली ढकलत होता. बेटीबंदी, जन्माची नोंद आणि वजनदारांसाठी पळवाट या तिन्ही गोष्टी जिथे आहेत, तिथे कास्ट नाही असं कसं म्हणायचं? मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग या जोडप्याने हा कायदा न्यायालयात नेला आणि १२ जून १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, तेव्हाही असे कायदे सोळा राज्यांत जिवंत होते.

आंबेडकरांचं स्वतःचं मतही तिथेच थांबलं नव्हतं. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांची स्थिती इतकी मिळतीजुळती आहे की तुमच्या प्रश्नाचा अभ्यास आम्हाला आवश्यकच आहे, असं त्यात म्हटलं होतं. काळ्या लोकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रतही मागितली होती. तीस वर्षांपूर्वीची सावध रेघ त्यांनी पुसली नाही, पण पलीकडे हात पुढे केला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावही ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरूनच आलं.

आता परत आजच्या वादाकडे. विरोध करणाऱ्यांची एक भीती खरी आहे, तिची टिंगल होता कामा नये. शाळेतल्या पुस्तकात त्रिकोण काढून वर ब्राह्मण आणि तळाशी शूद्र दाखवतात, वर्ण आणि जात या वेगळ्या गोष्टी एकाच ‘कास्ट’मध्ये कोंबतात, मग वर्गातली बाकीची मुलं आपल्या पोराला ‘तुझी कास्ट कोणती’ म्हणून विचारतात. हे शिकवणं उथळ आहे आणि ते सुधारायला हवं. पण पुस्तक उथळ आहे म्हणून कायद्यातून शब्द काढा, हा उपाय कसा होईल? कायद्यात ‘वंश’ हा शब्द आहे म्हणून कोणताही एक वंश आरोपी ठरत नाही. ‘कास्ट’ लिहिल्याने कोणतंही एक आडनाव आरोपी ठरत नाही. न्यूसम यांनी विधेयक परत पाठवताना कारण दिलं, की सध्याच्या कायद्यातल्या ‘पूर्वजपरंपरे’सारख्या शब्दांत हे येतंच. येत असेल तर नाव घ्यायला हरकत कोणती? नोकरीत, भाड्याच्या घरात ज्याला हा अनुभव येतो, त्याला आपली तक्रार कोणत्या शब्दाखाली लिहायची हे कळलं पाहिजे. तक्रार ऐकणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्याला तर ते त्याहून जास्त कळलं पाहिजे, कारण आडनाव, गाव, खाणंपिणं विचारत आपण एकमेकांची जात कशी काढतो, हे त्याला कधीच दिसणार नाही.

शब्द आपला नाही, हेही व्यवहारात खरं नाही. मराठी घरात ‘जात’ म्हणताना जिथे जीभ अडखळते तिथे ‘कास्ट’ सहज निघतो. ‘कास्ट सर्टिफिकेट’, ‘इंटरकास्ट मॅरेज’, ‘कास्ट नो बार’, आणि त्याच छोट्या जाहिरातींत ‘एससी, एसटी क्षमस्व’. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत मुलामुलींची स्थळं बघताना हे शब्द इंग्रजीतच उच्चारले जातात, मुलांना ते जरा सौम्य वाटावेत म्हणून. जो शब्द आपण सोयरिकीसाठी रोज वापरतो, तो न्यायालयात गेल्यावर परका कसा होतो? केतकरांनी स्वतः १९२० मध्ये ईडिथ कोन या ज्यू तरुणीशी लग्न केलं. हिंदू धर्मात घेण्याचा व्रात्यस्तोम विधी करून त्या शीलवतीबाई झाल्या. जातीची व्याख्या बेटीबंदीवर उभी करणाऱ्या माणसाने ती बंदी आपल्या घरात मोडली. अमेरिकेतल्या मराठी घरांपुढे हा दाखला शंभर वर्षांपासून आहे.

माझ्या मते ‘कास्ट’ हा शब्द कॅलिफोर्नियाच्या, आणि पुढे देशाच्या, कायद्यात आला पाहिजे. तो विषय आज ना उद्या पुन्हा निघेल, पुन्हा सुनावण्या होतील, आणि बोलायला मराठी माणसंही जातील. बाजूने बोला, विरोधात बोला, पण जाण्याआधी केतकरांचं १९०९ चं पुस्तक आणि आंबेडकरांचा १९१६ चा निबंध वाचून जा. दोन्ही इंग्रजीत आहेत आणि दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. निबंध तर एका बैठकीत वाचून होतो.